जुना मिलिटरी शक्तिमान स्वस्तात रंगवायचाय, फार घासत न बसता जमेल का?

केळीबाग_रावेर

रामराम मंडळी. आमच्या मळ्यात नानांचा (माझे चुलते) एक शक्तिमान ट्रक उभा आहे, तोच तो, जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसन्सवर बनायचा तो मिलिटरीवाला. नानांनी २००३ ला लिलावात घेतला होता. पावसाळ्यात केळी कापणीला आली की आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टरची ट्रॉली आसापर्यंत फसायची आणि हा गडी चारही चाकं लावून डुलत डुलत घड घेऊन बाहेर यायचा, त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव आहे त्याच्यावर. आता तीन वर्षं झाली बांधावर कडुलिंबाखाली उभाच आहे. मागच्या महिन्यात मेकॅनिक आणला, बॅटरी टाकली, डिझेल लाईनची हवा काढली तर पठ्ठ्या धूर ओकत सुरू झाला, नाना तर रडायच्या बेतात.

आता विषय रंगाचा. वरून रंग उडून पांढरट झालाय, हात फिरवला की तळव्याला हिरवी पूड लागते, मडगार्डखाली आणि दरवाज्याच्या खालच्या कडेला गंज आहे, फाळक्याला पोपडे सुटलेत. भुसावळच्या एका पेंटरला दाखवला, तो म्हणे पूर्ण सोलून गनने मारायचे ४५ हजार. अहो तेवढ्यात एका बिघ्याची ठिबक होते. माझं बजेट सहा, फार तर सात हजार, आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) दोघी बहिणी माहेरी येताहेत तोवर उरकायचंय म्हणजे हातात तीन आठवडे.

माझा प्लॅन असा की सर्फच्या पाण्याने धुवायचा, वाळला की वरून ऑलिव्ह ग्रीन इनॅमल रोलरने दोन हात मारायचे, विषय संपला. कॉम्प्रेसर नाही, गन नाही, मी आणि एक सालदार. शोरूमसारखा नकोच आहे, मिलिटरीचा ट्रक आहे, लांबून बरा दिसला तरी चालेल. हे असं चालतं का? प्रायमर मारावाच लागतो का? आणि रंग किती लिटर आणू? कोणी केलं असेल तर सांगा, नुसतं "पेंटरला दे" म्हणू नका.

डेंटिंगवाला_भुसावळ

भाऊ मी स्वतः याच धंद्यात आहे तरी पेंटरला दे म्हणत नाही. (४५ वाला मी नाही, आधीच सांगतो.) असल्या गाडीला रोलरच बरा, गनने मारलं तर निम्मा रंग हवेत जातो आणि तुझ्या मळ्यात तो केळीच्या पानांवर बसेल.

पण तुझ्या प्लॅनमध्ये एक घोळ आहे. कमी घासायचं म्हणजे कुठे नाही घासायचं हे आधी ठरवावं लागतं. जो जुना रंग पत्र्याला घट्ट धरून आहे तो सोलू नको, त्याच्याइतकं चांगलं अस्तर तुला विकत मिळणार नाही. जो सुटलाय तो मात्र एक इंचही ठेवू नको, कारण नवा रंग जुन्याला चिकटतो, पत्र्याला नाही, जुना सुटला की नव्याला घेऊनच खाली येतो.

आता कुठला धरून आहे कसं ओळखायचं तर ब्लेडने दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरावर सहा उभ्या रेघा मार, सहा आडव्या, पार पत्र्यापर्यंत गेल्या पाहिजेत, म्हणजे बारीक चौकटी होतील. त्यावर पॅकिंगची चांगली चिकट टेप अंगठ्याने दाबून बसव आणि झटक्यात ओढ. चौकटी जागेवर राहिल्या तर तिथे नुसतं १८० किंवा २२० च्या पॉलिश पेपरने अंग मोडायचं, म्हणजे चकाकी घालवून खरखरीत करायचं, आणि पुढे जायचं. टेपला चौकटी चिकटून आल्या तर तेवढा भाग खरवडायचा. बोनेट, दोन्ही दरवाजे, छत, मडगार्ड, हौद्याचे पाट आणि फाळका, एवढ्या ठिकाणी कर, अर्ध्या तासाचं काम आहे आणि तुझं चार दिवसांचं घासणं वाचेल.

ती हिरवी पूड म्हणतोस ना, ती उन्हाने रंगातलं तेल मेलं की सुटते, आत कलर तेवढा सुटा उरतो, खडूसारखा. तिच्यावर रंग मारणं म्हणजे पिठावर रंग मारणं. धुताना खराट्याने नाही, हिरव्या स्कॉचब्राईटने घासत धू, पाणी हिरवं यायचं थांबेपर्यंत.

गंजाला ग्राइंडरवर तारेचा कप ब्रश लाव, दोनशे-अडीचशेला मिळतो. चष्मा घाल, त्या तारा तुटून उडतात, माझ्या पोराच्या गालात एक गेली होती. सुटा गंज निघाला आणि खाली काळपट घट्ट राहिला तर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर ब्रशने लाव, सांगितलेला वेळ ठेव, बाटलीवर लिहिलं असेल तसं पुसून किंवा धुऊन घे आणि वाळला की त्याच दिवशी रेड ऑक्साईड झिंक क्रोमेट प्रायमर. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नको. म्हणजे प्रायमर लागतोच, पण सगळीकडे नाही, जिथे पत्रा दिसला तिथे फक्त. आणि रेड ऑक्साईड मारून महिनाभर सोडायचं, मग सवडीने रंग, हे आपल्याकडे गेट-खिडक्यांना सगळे करतात, ते चूक. तो प्रायमर ओल पितो, एक-दोन दिवसांत वर रंग गेला पाहिजे.

धुळेकर_भो

तुले सांगस भो, धुवाशिवाय रंग मारा तं बठ्ठा पैसा पाणीमा. मना काकानं असंच करं व्हतं टेम्पोले. दिवाळीले रंगावा, होळीले साप कात टाकस तसा मोकळा.

बाकी शक्तिमानचा फोटो टाक ना रे.

एमटी_हवालदार_निवृत्त

जय हिंद. सव्वीस वर्षं फौजेत गाडी चालवली, त्यातली चौदा शक्तिमानवर, म्हणून लिहितो. थ्री टनर म्हणायचो आम्ही.

वरच्या भाऊंनी जे सांगितलं ते बरोबर, पण एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. इन्स्पेक्शन असलं की आदल्या रात्री सगळी एमटी (मोटर ट्रान्सपोर्ट) लाईन गाड्या पुसायची आणि ते पुसणं पाण्याने नाही, डिझेलच्या फडक्याने. मॅट रंग डिझेलने काळसर आणि नवा दिसतो, दोन दिवस टिकतं, तेवढंच पाहिजे असतं. आता तुमच्या ट्रकची फौजेतली जेवढी वर्षं गेली तेवढी वर्षं त्याने डिझेल प्यायलंय असं धरून चाला. नंतर तुमच्या नानांच्या ड्रायव्हरनेही पुसला असणारच, ही सवय लागते. सर्फने ते निघत नाही. वर रंग मारला की जागोजागी वाटोळे खळगे पडतात, रंग मागे सरकतो, पाण्यावर तेलाचा थेंब असतो त्याच्या उलट.

म्हणून आधी टर्पेंटाइनचं फडकं, फडकं सारखं बदलायचं नाहीतर घाण इकडून तिकडे, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि सर्फ, मग भरपूर साधं पाणी. सोडा राहिला तर तोही रंगाला त्रास देतो. मग पाईपने पाणी सोडून बघा. पाणी चादरीसारखं सपाट पसरून खाली आलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन अळूच्या पानासारखं पळालं तर अजून तेल आहे, परत धुवा. ही परीक्षा फुकट आहे. मात्र पत्र्यावर मेणाचं पॉलिश वगैरे असलं तरी थेंब होतात, पण तुमच्याकडे तो प्रश्न नसावा.

रंगवायचं नाही त्याची यादी मनात ठेवा. ब्रेकचे रबरी होज, ग्रीस निपल, सगळी रबरं, आणि चासी नंबर. फौजेत नव्या पोराने एकदा निपलसकट जॉइंट रंगवून ठेवले होते, ग्रीसगन लावली की बाहेर थुंकायची, सुईने एकेक उघडत बसलो होतो. काचेच्या रबरांना कपड्याचा वडीचा साबण ओला करून चोळा, रंग उडाला तरी धुतला की निघतो. वॅसलीन, ग्रीस नको, बोटाने ते पत्र्यावर जातं आणि परत तेच खळगे.

कागदपत्र_जळगाव

सगळे रंग कसा मारायचा सांगताय, कुठला मारायचा यावर कोणीच बोललं नाही म्हणून मधे पडतो. मी आरटीओच्या कामात असतो.

दादा, ऑलिव्ह ग्रीन मारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १२१ वाचा, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याच मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. लिलावात घेतलेली असली तरी, जीप असली तरी, ट्रक असला तरी. लोक जुन्या जीप हिरव्या करून मिरवतात ते दिसतंय, पण दिसतंय म्हणून चालतं असं नाही. फौजेची बाणाची जुनी नंबर प्लेट शोभेला लावली असेल तर तीही काढा. आणि दुसरा रंग दिला की आरसीवर रंगाची नोंद बदलून घ्यावी लागते.

आरसी बुकात रंग काय लिहिलाय ते बघा आधी.

केळीबाग_रावेर

बापरे. एवढं उत्तर येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

कागदपत्रवाले दादा, पण ट्रक रोडला जातच नाही हो. पासिंग संपलंय, मळ्यातल्या मळ्यात चालतो. तरी पण? हिरवाच पाहिजे असा नानांचा हट्ट आहे, हिरवा नसला तर तो शक्तिमान कसला म्हणतात.

हवालदार काका, तुमचं पाण्याचं करून बघितलं. बोनेटवर अक्षरशः अळूचं पान. दरवाजे बरे आहेत.

कागदपत्र_जळगाव

मळ्यातल्या मळ्यात म्हणता, पण बांधावरून वाडीत जाताना गावचा डांबरी रस्ता ओलांडता की नाही? ओलांडता. आणि पासिंग करायचं मनात येणारच, गाडी सुरू झाली की येतंच. तेव्हा साहेब पहिलं बोट रंगावर ठेवेल. बाकी मर्जी तुमची.

चोपडा_ट्रॉलीवाला

मी पेंटर नाही, माझा फजितीचा अनुभव आहे तेवढा घ्या.

दोन वर्षांपूर्वी ट्रॉली रंगवली, हाच विचार, इनॅमल आणि रोलर. मे महिना, दुपारी एकला सुरुवात केली कारण सकाळी लाईट होती तर मोटर चालवायची होती. आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे, ४४-४५ आकडा, पत्र्यावर पापड भाजेल. रोलर टेकवला की रंग ओढायचाच नाही, लागल्या जागी वाळायचा, सगळ्या रोलरच्या पट्ट्या उमटल्या. मला वाटलं रंग जाड आहे, टर्पेंटाइन संपलेलं, घरात फवारणी पंपाचं पेट्रोल होतं ते ओतलं. अजून लवकर वाळायला लागला. मग वैतागून सगळा रंग जाड थापला, एकदाचं संपव म्हणून. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या ट्रॉलीला म्हातारीच्या हातासारख्या सुरकुत्या. वरची साय वाळलेली आणि आत कच्चा, आठवडाभर नखाने दबायचा. मेव्हणा म्हणे डिझाईन चांगलं आहे.

नंतर भुसावळवाल्या भाऊंसारख्याच एकाने सांगितलं की इनॅमल हवा लागून वरून वाळत खाली जातो, म्हणून पातळ हात मारायचे आणि आधीचा पुरता वाळल्याशिवाय पुढचा नाही. आता मी सकाळी सहाला सुरू करतो, नऊ-साडेनऊला बंद. पत्र्यावर तळवा ठेवून आरामात राहिला तर मारायचं, उचलावासा वाटला तर घरी जाऊन भाकर खायची. आणि पेट्रोल तर सोडाच, डिझेल-रॉकेलही नको, कोणी सांगेल रॉकेल टाक म्हणजे मॅट येतो, येतो खरा पण धड वाळत नाही आणि वर्षात पांढरा पडतो.

अजून एक, वारा. दुपारनंतर आपल्याकडे फुफाटा उठतो, ट्रकच्या आजूबाजूला पाणी शिंपडून घ्या आदल्या संध्याकाळी.

केळीबाग_रावेर

मंडळी, एक गंमत सांगतो.

डेंटिंगवाल्या भाऊंची टेप टेस्ट केली. बोनेट, छत, दरवाज्याचा वरचा भाग एकदम घट्ट, एक चौकट हलली नाही. फाळका आणि डावा मडगार्ड टेपला सगळा चिकटून आला. मग सहज फाळक्यावर रुपयाच्या नाण्याने खरवडलं तर थरावर थर, आमच्याकडच्या मांड्यासारखे. वर हिरवा, त्याच्याखाली ग्रे, त्याच्याखाली परत हिरवा जाड तीन-चार थर, मग लाल, मग पत्रा. आणि टेपला येतोय तो फक्त वरचा हिरवा, ग्रेच्या अंगावरून गुळगुळीत सुटतोय.

ग्रे कुठून आला म्हणून आरसी शोधली, पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्यांच्या खाली सापडली. एमएच १९, आणि रंगाच्या पुढे लिहिलंय ग्रे!! नानांना विचारलं तर आधी म्हणे मला आठवत नाही, मग चहा झाल्यावर म्हणे अरे हो, पासिंगला जळगावला न्यायचा होता तेव्हा एजंट बोलला हिरवा चालणार नाही, म्हणून रातोरात ग्रे मारला, आणि दोन वर्षांनी परत हिरवा केला कारण ग्रे बरा वाटेना. म्हणजे काकाने वीस वर्षं मला हिरवा हिरवा म्हणून नाचवलं.

तर आता ग्रे. नाना गप्प आहेत. प्रश्न असा की वरचा हिरवा सगळा काढू का? आणि ग्रेमध्ये कुठला घेऊ, आणि किती? हौदा १२ बाय ७ फूट, पाट २ फूट उंच.

डेंटिंगवाला_भुसावळ

हाहा, नानांना रामराम सांग.

बघ, यातून तुलाच कळलं. ग्रेवर हिरवा सुटतोय कारण तेव्हा कोणी ग्रेचं अंग मोडलं नाही, चकचकीत इनॅमलवर तसाच दुसरा इनॅमल. बोनेट-छतावर उन्हाने ग्रे आधीच खरखरीत झालेला असणार म्हणून तिथे धरून बसला. तर जिथे घट्ट आहे तिथे ठेव. फाळका, मडगार्ड पत्रीने खरवड, आरामात निघेल, ग्रे लागला की थांब, त्याला २२० ने अंग मोड.

खरवडताना आणि घासताना पाणी मारत घास, वॉटर पेपरने. घरगुती रंगांना शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आली, तुझे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे, त्यात शिसं, क्रोमेट काय काय असू शकतं. कोरडं ग्राइंडर सगळीकडे फिरवू नको, गंजापुरतंच, आणि तेव्हा तोंडाला चांगला मास्क, नुसता रुमाल नाही. खाली ताडपत्री अंथर, पोपडे गोळा कर, गुरांच्या चाऱ्याजवळ पडू देऊ नको. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही, हे सालदाराला दोनदा सांग.

हिशोब. हौद्याचे पाट आत-बाहेर धरून साधारण दीडशे चौरस फूट, केबिन-बोनेट-मडगार्ड अजून दीडशे, चासी-रिम-बंपर ऐंशी. पावणेचारशे-चारशे म्हणजे ३५ ते ३७ चौरस मीटर. डब्यावर जास्त लिहिलेलं असतं पण अशा खडबडीत जुन्या अंगावर लिटरला एका हाताचे १० चौरस मीटर धर. दोन हाताला सात-साडेसात लिटर, आठ आण. हौद्याचा तळ धरला नाही, तिथे घड आणि फावडी आपटतात, रंग टिकत नाही, त्याला नुसता रेड ऑक्साईड मार.

शेड स्मोक ग्रे माग, जवळपास सगळ्या कंपन्यांच्या इनॅमलमध्ये असतो, म्हणून पुढे टचअपला परत तोच मिळेल. मिक्सिंग मशीनवर आवडीचा बनवलास तर दुसऱ्यांदा तंतोतंत जुळेलच असं नाही. सगळे डबे एकदम आण आणि एका बादलीत ओतून हलव, डब्याडब्यात किंचित फरक असतो, बोनेटवर डबा संपला की जोड दिसते.

परवा मी एका गिऱ्हाईकासाठी घेतले तेव्हाच्या भावाने तुझं बिल असं बसेल. आठ लिटर इनॅमल पंचवीस-सव्वीसशे, प्रायमर दोन लिटर साडेचारशे, टर्पेंटाइन तीन लिटर साडेचारशे, कप ब्रश, पेपर, स्पंजचे चार इंची रोलर सहा-सात, दोन ब्रश, मास्क मिळून हजार, रस्ट कन्व्हर्टर तीनशे. पाच हजारांच्या आत. उरलेल्यात सालदाराला दोन दिवसांची वाढीव मजुरी दे, तो घासणार आहे, तू फोटो काढणार आहेस.

मारताना रंगात टर्पेंटाइन पाच-दहा टक्के, बस. रोलरने एक हात रुंद पट्टा लाव, लगेच कोरड्या ब्रशच्या नुसत्या टोकाने वरून खाली हलका ओढ, बुडबुडे मोडतात. पहिल्या हाताला खालचा हिरवा दिसेल, दिसू दे, तिथेच लोक घाबरून थापतात. रात्र जाऊ दे, दुसऱ्या दिवशी ३२० ने हलका फिरव, पुसून दुसरा हात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग किंवा एनसी थिनर याच्या जवळ आणू नको, दुकानदार लवकर वाळतो म्हणून देतील, इनॅमलवर एनसी पडला की खालचा रंग फुगून चुरगळतो. बारीक भोकं एम-सीलने बुजव. लांबी वगैरे भरत बसू नको, मिलिटरीच्या गाडीचे पोचे कोणी भरत नाही.

आणि कडुलिंबाखालून काढ गाडी.

एमटी_हवालदार_निवृत्त

ग्रे काही वाईट नाही, नानासाहेबांना सांगा नेव्हीचा समजा.

खरवडताना फाळक्यावर आणि डाव्या दरवाज्यावर सावकाश हात चालवा. खालच्या हिरव्यात युनिटचे आकडे, चौकोनी निशाणी असं काही उमटलेलं दिसेल. फोटो काढून ठेवा आणि वर रंग मारून टाका. माझ्या हातून असे किती रंगवले गेले.

केळीबाग_रावेर

अपडेट. (लेट झाला, मळ्यात रेंज नाही.)

धुण्यातच तीन दिवस गेले. बोनेट चार वेळा धुतलं तेव्हा कुठे पाणी सपाट पसरलं. सोड्याने सालदाराच्या हाताची सालं निघाली, मग हातमोजे आणले, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मडगार्ड उघडून आतून बघितला तर काळी माती वीतभर थापलेली, कोरडी दिसते पण खणली तर आत दमट, आणि गंज सगळा तिथेच. बाहेरून घासत होतो ते वेड्यासारखं. आता आतून धुऊन, कन्व्हर्टर, दोन हात प्रायमर.

हवालदार काका, डाव्या दरवाज्यावर खरंच निघालं. एक चौकोन, अर्धा लाल अर्धा निळा असावा, आणि त्यात पांढरे दोन आकडे, त्यातला एक ७. नाना खुर्ची टाकून बघत बसले होते. फोटो काढला, इथे टाकत नाही, तुम्हाला वेगळा पाठवतो.

पहिला हात काल झाला, दुसरा आज सकाळी सहा ते नऊ. चोपडावाल्या भाऊंचा तळव्याचा नियम पाळला, साडेआठलाच छत सोडावं लागलं, ते उद्या. लांबून फर्स्टक्लास. जवळून रोलरचं दाणेदार अंग दिसतं, चालतंय. एकूण खर्च ५,३४० मजुरी सोडून.

आता चूक सांगतो. डेंटिंगवाले भाऊ, गाडी कडुलिंबाखालून काढा म्हणाला होता, काढली नाही, म्हटलं सावली बरी, पत्रा तापणार नाही. नऊ वाजता वाऱ्याची एक झुळूक आली आणि लिंबाचा सगळा मोहोर ओल्या बोनेटवर. बारीक पांढरी फुलं, शेकड्यांनी. पोरं फुंकर मारून काढत होती, त्यांना हाकललं. आता ती ओल्यातच काढू की वाळू देऊ?

डेंटिंगवाला_भुसावळ

हात लावू नको! ओल्यात एक काढशील तर दहा खड्डे करशील. दोन दिवस पुरता वाळू दे, मग ४०० चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलका फिरव, फुलं भुगा होऊन निघतील, बारीक डाग राहिले तर बोनेटला एक पातळ हात अजून. अर्धा लिटर उरला असेलच.

या वेळी गाडी पुढे घे.

केळीबाग_रावेर

घेतली, विहिरीजवळ. नाना म्हणतात बोनेट राहू दे तसंच, छान दिसतंय. मी वाळवून घासणारच आहे.

धुळेकर_भो

फोटो कव्हय टाकशी रे भो?

एमटी_हवालदार_निवृत्त

फोटो मिळाला. आभारी आहे.

फाळक्याच्या बिजागऱ्या कोरड्या दिसताहेत, रंग वाळला की तेल सोडा, नाहीतर पहिल्यांदा उघडाल तेव्हा कडेचा रंग उचलेल.